बैलाला सुट्टी आहे, बायकोला नाही

आमच्या घरात मोशेचं नियमशास्त्र, बायबलातले ते जुने यहुदी नियम, मोबाईलवरून आलं. म्हणजे बायबल घरात आहेच हो, आम्ही नगरकडचे ख्रिस्ती, पणजोबांपासून रविवारी चर्च, नाताळला करंज्या, सगळं व्यवस्थित चाललेलं. पण ह्यांनी रात्री इअरफोन लावून कुठल्यातरी अमेरिकन भाऊंचे व्हिडिओ बघायला सुरुवात केली आणि एकदा जेवताना जाहीर केलं की येशू यहुदी होता. सासूबाई म्हणाल्या, "मग? तुला आज कळलं?"

ह्यांचं म्हणणं असं की येशू शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विसावा, पाळायचा, वल्हांडण हा यहुद्यांचा सण करायचा, मग आपण हा रविवार आणि नाताळ कुठून आणला, मुळाकडे गेलं पाहिजे. प्रार्थनेत येशूचा येशुवा झाला, माझी हरकत नव्हती. पण मुळाकडे जायचा रस्ता माझ्या ओट्यावरून जातो हे ह्यांनी बायबलातल्या लेवीय पुस्तकाचा ११वा अध्याय काढल्यावर समजलं. पंख आणि खवले असलेलेच मासे खायचे. पापलेट पास, कोळंबी आणि खेकडे नापास. फ्रीजरमधली सोललेली कोळंबी मी आणि सासूबाईंनी हे ऑफिसला गेल्यावर संपवली, टाकून देणं पाप आहे.

सासूबाईंनी हुकमाचा पत्ताही टाकून बघितला. "पंडिता रमाबाईंनी हिब्रू शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं, त्यांनी कधी कोणाच्या ताटातली कोळंबी काढली?" ह्यांनी शांतपणे सांगितलं की रमाबाई शाकाहारी होत्या. झालं, पत्ता वाया.

वल्हांडणाला तर कहर. सात दिवस घरात खमीर नको, म्हणजे पाव, ब्रेड, खारी सगळं बाहेर. आपली पोळी बेखमीरच असते म्हणून मी निर्धास्त, तर ह्यांनी शोधून काढलं की यहुदी लोकांत पिठाला पाणी लागल्यापासून १८ मिनिटांत भाजून झालं पाहिजे, नाहीतर ते खमीर धरतात. मग हे मोबाईलवर टायमर लावून ओट्याशी उभे. कणीक मुरू द्यायची नाही, तेलाचा हात लावून झाकून ठेवायची नाही, भिजवली की लाट, लाटली की तव्यावर टाक, आणि मागून "सोळा झाली, सोळा झाली!" शेवटच्या दोन पोळ्या टायमर वाजल्यावर उतरल्या, त्या ह्यांनी बाजूला काढल्या. त्याच तेवढ्या मऊ झाल्या होत्या, आम्ही दोघींनी खाल्ल्या.

पण खरा छळ शब्बाथाचा. शुक्रवारी सूर्यास्त ते शनिवारी सूर्यास्त काम बंद, आणि निर्गम ३५ प्रमाणे विस्तवही पेटवायचा नाही. ऐकायला किती छान वाटतं ना! म्हणजे मी शुक्रवारी ऑफिसातून धावत यायचं, दिवेलागणीच्या आत दोन दिवसांचा स्वयंपाक उरकायचा, आणि शनिवारी हे गार भाजी खात सोफ्यावर विसावा घेणार. रविवारी चर्च आहेच, ते सासूबाई सोडू देत नाहीत.

शेवटी मी स्वतः चौथी आज्ञा काढून वाचली. निर्गम २०. काम कोणी करायचं नाही? तू, तुझा मुलगा, तुझी मुलगी, दास, दासी, गुरंढोरं, वेशीच्या आतला उपरी. परत वाचली. बायको नाही! बैलाला सुट्टी आहे, पाहुण्याला सुट्टी आहे, बायकोचा पत्ताच नाही. मी मोठ्याने वाचून दाखवलं, आणि ते नेमकं भांडी घासणाऱ्या मावशींनी ऐकलं. दासी आहे ना त्यात? आता त्या शनिवारी येत नाहीत. देवाचं आहे म्हणे, मोडायचं नाही.

पाळकसाहेबांनी ह्यांना प्रेषितांची कृत्ये १५ दाखवलं, की यरुशलेमेत बसून प्रेषितांनी परराष्ट्रीयांवर, म्हणजे यहुदी नसलेल्यांवर, हे ओझं टाकायचं नाही असं ठरवलंय. ह्यांच्याकडे त्यावरही व्हिडिओ होता.

मग मी ह्यांना माझ्या जुन्या ऑफिसातल्या मॅडमकडे नेलं. त्या बेने इस्राएल, म्हणजे आपल्या मराठी यहुदी, मूळच्या अलिबागकडच्या, ज्यांच्या पूर्वजांचा तेलाचा घाणा शनिवारी बंद म्हणून कोकणात त्यांना शनवार तेली म्हणायचे. हे एवढे भारावलेले की चपला पार जिन्यात काढल्या. मॅडमनी सगळं ऐकलं, चहा पुढे केला आणि म्हणाल्या, "अहो, पण हे तुम्हाला कोणी लावून दिलंय? आमच्यात जन्माला न आलेल्यांना शब्बाथ नाहीये. नोहाचे सात नियम आहेत, ते पाळा, खूप झालं. मला सूट असती तर मी आधी घेतली असती!" परत येताना हे रिक्षात गप्प. मला वाटलं सुटले.

कसलं काय. आता मांडवांचा सण येतोय. गच्चीवर फांद्यांचं छप्पर, वरून तारे दिसले पाहिजेत, सात दिवस तिथेच जेवायचं झोपायचं. सोसायटीच्या सेक्रेटरींना अर्जही गेलाय, "कारण" ह्या रकान्यात लिहिलंय "धार्मिक (मूळ)". मी लगेच मॅडमना फोन लावला. त्यांच्याकडे मांडवात राहायचं बंधन पुरुषांना आहे, बायकांना त्यातून सूट आहे. मी ह्यांना म्हटलं, अगदी शास्त्राप्रमाणे करा, एक काना इकडचा तिकडे नको. अंथरूण, पांघरूण, मच्छर अगरबत्ती सगळं मी स्वतः वर पोचवते. कोळंबीवाल्याला सात दिवसांची ऑर्डर देऊन ठेवलीये.