पदविका हवी ती अभिरक्षकाला

संग्रहालयात नोकरी कशी मिळवावी यावरच्या तुमच्या लेखात संग्रहालयशास्त्राच्या पदविकेवरच सगळा भर दिलाय. ती अभिरक्षकाच्या (क्युरेटरच्या) पदाला ठीक आहे हो, पण दालनात देखरेख करणारा परिचर किंवा पहारेकरी व्हायला तिचं काय काम? सरकारी संग्रहालयांसाठी पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. ठेकेदारामार्फत जात असाल तर पगार, पीएफ आधी विचारून घ्या.

काम म्हणजे खुर्चीत डुलक्या, असं आमच्या साताऱ्यात अजून समजतात. अहो, सकाळी दालन उघडलं की कुलूप-सील बघायचं, लाकडी कपाटाच्या तळाशी वाळवीची माती दिसते का ते बॅटरी मारून तपासायचं. इथल्या पावसाळ्यात चोरापेक्षा दमटपणाची भीती जास्त. वर दिवसभर 'तलवार खरी आहे का?' याला न चिडता उत्तर द्यायचं. २०२४ च्या जुलैत वाघनखं इथं आली, तेव्हा तर 'हीच का ती?'ची भर पडली.

जमेल का ते बघायचं असेल तर सातारा जिल्ह्यातल्या औंधला जा. तिथं औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ साली उभारलेलं भवानी संग्रहालय आहे. रविवर्म्याची चित्रं बघाच, पण सहलीची पोरं आत शिरली की दालनातला माणूस कुठं जाऊन उभा राहतो, तेही बघा.