स्ट्रॅपने पकड कच्ची राहते का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. वजन उचलताना हात बारला (वजनाच्या लोखंडी दांड्याला) बांधायचे पट्टे, म्हणजे स्ट्रॅप, यांवर मी लेख लिहिला होता. त्यावरचे तुमचे आक्षेप थोडक्यात असे: स्ट्रॅप म्हणजे कुबड्या, त्यापेक्षा एक हात उताणा, एक पालथा धरावा, स्ट्रॅप वापरून मनगट सोलवटलं, अंगठ्याला मुंग्या आल्या, आणि एवढं करूनही बार निसटलाच. पहिला आक्षेप मला अर्धा मान्य आहे. बाकीच्यांचं मूळ बहुतेक वेळा बांधण्यात असतं.

वॉर्म-अपपासूनच स्ट्रॅप बांधला तर पकडीला काम उरत नाही, हे खरंच. म्हणून तो शेवटी यावा. समजा डेडलिफ्टमध्ये (बार जमिनीवरून उचलून ताठ उभं राहणं) 150 किलोचे 5 रेप्स (सलग उचली) मारायचेत, तर 60, 100 आणि 130 नुसत्या हाताने, घाम असेल तर चॉक (हात कोरडे ठेवणारी पूड) लावून. स्ट्रॅप फक्त 150 ला. रोमानियन डेडलिफ्ट (गुडघे जरासेच वाकवून कमरेतून झुकणं), रोइंग (बार पोटाकडे ओढणं), श्रग (खांदे उचलणं) यांत पाठ थकायच्या आधी बोटं उघडत असतील तर तिथेही खुशाल बांधा. व्यायामाच्या शेवटी बार 20 सेकंद नुसता धरून उभं राहा, दोन-तीनदा. पकडीची भरपाई तिथे होते. पॉवरलिफ्टिंग किंवा वेटलिफ्टिंग स्पर्धेची तयारी असेल तर अधिक कडक राहावं, कारण तिथे स्ट्रॅप चालत नाही. उताण्या-पालथ्या पकडीचं म्हणाल, तर बार सहसा सुटत नाही. पण उताण्या हाताचं कोपर जरासं वाकलं की बायसेप्सच्या स्नायुबंधावर भलताच ताण येतो. दर सेटला ती पकड घ्यावी असं मला वाटत नाही.

आता सोलवटणं. पट्टा मनगटाच्या वर, हाडाच्या गोळ्यावर बांधला की भार येताच तो तळव्याकडे सरकतो आणि कातडी ओढत नेतो. तो मुळातच तळव्याच्या टाचेला, म्हणजे मनगटालगतच्या जाड भागाला, टेकलेला हवा. मुंग्यांचं कारण वेगळं. अंगठ्याच्या बाजूने एक नस अगदी कातडीलगत जाते. पट्टा आवळून ठेवला की ती दबते. बांधताना एक बोट आत जाईल इतका सैल ठेवा, भार आला की तो आपोआप बसतो. दोन सेटच्या मध्ये काढूनच टाका.

बार निसटतो तो बहुधा वेढ्याची दिशा चुकल्याने. पट्ट्याचं मोकळं टोक तळव्यावरून, अंगठा आणि तर्जनीच्या मधून बाहेर आलं पाहिजे. करंगळीकडून येत असेल तर डावा-उजवा बदललाय. हात पालथा ठेवून बार धरलात की बोटं पुढून खाली आणि मग मागे वळतात. पट्टा याच्या उलट जायला हवा: तुमच्या अंगाकडून बारखाली, मग पुढून वर. बोटांच्याच दिशेने गुंडाळलात तर दोघेही एकाच बाजूला उघडतात. वेढा घालून झाल्यावर, मोटरसायकलची रेस द्यावी तसा बार स्वतःकडे पिळा, ढिलाई निघून जाते. ही पायरी गाळली की बार पहिल्याच रेपला अर्धा इंच खाली येतो आणि माणूस म्हणतो, स्ट्रॅप भिकार आहे!

जास्त वेढे म्हणजे जास्त मजबुती, हाही एक गैरसमज. पट्टा 3 मिलिमीटर जाड असेल तर वेढ्यावर वेढा चढला की जाडी दर वेळी 6 मिलिमीटरने वाढते. 28 मिलिमीटरचा बार दोन वेढ्यांत 40 चा होतो आणि मूठ मिटतच नाही. एक-दीड वेढा पुरे. दुसरा घ्यायचाच तर शेजारी घ्या.

एक गोष्ट लेखात राहून गेली होती, ती इथे सांगतो. क्लीनला (बार जमिनीवरून झटक्यात खांद्यावर घेणं) स्ट्रॅप अजिबात नको. बार खांद्यावर येतो तेव्हा मनगट मागे वळतं, आणि बांधलेला हात सोडवता येत नाही. स्नॅच पुलला (रुंद पकडीने बार जमिनीवरून जोरात वर ओढणं) चालतो, पण छोटा बंद फास असलेला, मूठ उघडताच सुटणारा. आठच्या आकड्याचा स्ट्रॅप फक्त जड डेडलिफ्टपुरता, त्यातून हात चटकन निघत नाही.

कोणता घ्यावा, असंही विचारलंय. पहिला घेताय तर सुती लासो (एका टोकाच्या फाशातून दुसरं टोक ओवायचा पट्टा), साधारण दीड इंच रुंद. नायलॉन टिकतो, पण घामाने घसरतो. चामडं सुरुवातीला ताठ असतं. सुती पट्टा घामाने कडक झाला की त्याची कड कापते, तेव्हा गार पाण्यात धुवा. बारच्या खरखरीत भागावर घासून दुमडीपाशी धागे सुटू लागले की जोडी टाकून द्या, पुन्हा शिवत बसू नका.