पहाटे उठणाऱ्यांची गरिबी

बेळगावातल्या आमच्या वडगावच्या गल्लीच्या ग्रुपवर परवा तो मेसेज पुन्हा फिरला. लिहिणाऱ्याचं नाव नाही, शेवटी जोडलेले हात. म्हणणं असं: गरिबी परिस्थितीनं नाही, आळसानं येते, इच्छा असेल त्याला काम मिळतंच, पहाटे उठा, शिका, सरकारच्या फुकटावर जगू नका. खाली सतरा अंगठे. पाठवणारे काका सज्जन आहेत, अडीनडीला धावून येतात. म्हणून तिथं वाद न घालता इथं लिहितोय.

"इच्छा असेल त्याला काम मिळतंच." बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे, त्यामुळं इथल्या खेड्यापाड्यांतल्या कितीतरी पोरांचं पहिलं स्वप्न भरती. अंधारात रस्त्यानं पळणारी ही पोरं काकांनीही पाहिलीत. सोळाशे मीटर, साडेपाच मिनिटं. 2020 मध्ये कोरोना आला आणि भरती दोन वर्षं थांबली. काही जणांची धाव झाली होती, वैद्यकीय तपासणी झाली होती, फक्त लेखी परीक्षा राहिली होती. ती पुढं पुढं ढकलली गेली. जून 2022 मध्ये अग्निपथ योजना आली आणि ती अर्धवट भरतीच रद्द झाली. पुन्हा पहिल्यापासून रांगेत. वयाची मर्यादा 21 ची 23 केली, तीही त्या वर्षापुरती. नोकरी चार वर्षांची, त्यानंतर कायम राहणार शंभरातले फार तर पंचवीस. शेजारचा पोरगा याच घोळात वयातून बाद झाला. आता उद्यमबागेत एका फाउंड्रीत ठेक्यावर आहे. पहाटे अजून पळतो. कशासाठी, हे मी त्याला विचारलेलं नाही.

"पहाटे उठा." हा सल्ला निपाणीत विडी वळणाऱ्या बाईला देऊन बघा. घरचं पाणी, भाकरी उरकून ती सूप मांडीवर घेते. मजुरी हजार विड्यांवर, त्यातून बाद ठरवलेल्या वजा. ठेकेदार पान-तंबाखू देईल तेवढंच काम. दोन तास आधी उठली म्हणून पान वाढत नाही. तंबाखू पिकवणाऱ्याचंही तेच. घाम त्याचा, दर व्यापाऱ्याचा. 1981 मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली निपाणीच्या शेतकऱ्यांनी महामार्ग अडवला तो या दरासाठी, आणि पोलिसांच्या गोळीबारात माणसं मेली. त्यांना आळशी म्हणायचं?

"शिका." जरूर शिकावं. पण आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 2024 च्या भारतावरील अहवालात 2022 चे आकडे आहेत: पदवीधर तरुणांत बेरोजगारी 29.1 टक्के, लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांत 3.4. अडाणी राहिलं की नोकरी मिळते, असा याचा अर्थ नाही. ज्याच्या घरात उद्याचं पीठ नाही तो मिळेल ते काम धरतो. नोकरीची वाट बघत बसायलाही ऐपत लागते. त्यात आपली सीमाभागाची खोच. कर्नाटकाच्या नोकरीला कन्नडचा पेपर पास व्हावा लागतो. महाराष्ट्रानं आपला दावा असलेल्या सीमाभागातल्या 865 गावांतल्या उमेदवारांना सवलत दिलीय, पण तिथंही जागा थोड्या आणि रांग मोठी. कन्नड शिकावं यात दुमत नाही, माझ्या मुली शिकताहेत. पण पहिलीला कुठल्या माध्यमात घातलं, हे सहा वर्षांच्या पोरानं ठरवलेलं नसतं.

"फुकटावर जगू नका." जून 2023 पासून कर्नाटकात बायकांना सरकारी बस मोफत झाली. तेव्हापासून शेतमालकांची तक्रार, की भांगलणीला बाई मिळत नाही. अहो, ती आळशी झाली नाही, दोन पैसे जास्त मिळतात म्हणून बेळगावात कामाला जाते! तिकिटाचे पैसे वाचले म्हणून तिला ते परवडतं.

आता काकांचा एक मुद्दा मला खोडता येत नाही: एकाच घरातल्या दोन भावांत एक वर येतो, दुसरा बसतो. खरंय. आळशी माणसं असतात, आमच्या भावकीतही आहेत. पण आमच्याच घरातले दोन भाऊ घ्या. वडील आणि चुलते, दोघांचे दोन-दोन माग, दोघांचे हात सारखेच चालणारे. ऑगस्ट 2019 च्या पावसात दोघांच्याही घरात पाणी शिरलं, सूत भिजलं. कर्ज काढून माग पुन्हा चालू केले, तर मार्च 2020 मध्ये लॉकडाऊन. साडी विकली जाते लग्नसराईत, आणि ती सराईच गेली. चुलत्यांचा मुलगा पुण्यात कंपनीत होता, त्याचे पैसे महिन्याला यायचे. त्यांचे माग राहिले. आमचे मोडीत गेले, किलोच्या भावानं. भंगारवाल्याच्या काट्यापर्यंत ते न्यायला टेम्पो घेऊन आले होते, ते हेच काका. भाडंही घेतलं नाही.