पोस्टकार्डाची पाठ

पोस्टकार्डं जमवणाऱ्याकडे पाहुणे आले की पहिला प्रश्न ठरलेला: "याचे किती येतील?" पाठोपाठ सल्ला: "लॅमिनेट करून टाका सगळी. आमच्या कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला स्वस्तात करतो." पुण्यात सल्ला फुकट मिळतो, तोही घरपोच. पण त्या यंत्रातून गेलेलं कार्ड पुन्हा सुटत नाही. गरम होऊन पातळ झालेला गोंद कागदात मुरतो आणि सोडवायला गेलं की शाईसकट निघतो.

मुळात लॅमिनेशन सुचतं ते कार्डाला चित्र समजणाऱ्यांना. माझं म्हणणं, कार्ड बघायचं ते पाठीकडून. पुढच्या बाजूला पर्वती असते, ती सगळ्यांनी चढून पाहिलेली. मागच्या बाजूला अमक्याचा ताप उतरलेला असतो, तमक्याच्या हाती भाजणी मागवलेली असते आणि जागा संपल्यामुळे 'मोठ्यांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद' कडेनं उभं चढलेलं असतं. पोस्टमनपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळ्यांनी ते तेव्हाच वाचलेलं, त्यामुळे आपण वाचण्यात संकोच कसला?

बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात जाल तर ही पाठ वाचता यायलाच हवी. विक्रेता कुठल्याही पिवळ्या कार्डाला बिनदिक्कत 'पेशवेकालीन' म्हणतो. पेशवाई बुडाली 1818 मध्ये आणि भारतात पहिलं पोस्टकार्ड निघालं 1 जुलै 1879 रोजी, पाव आण्याचं. मधल्या 61 वर्षांचा हिशेब त्याला विचारू नये, भाव वाढतो. पत्त्यात सहा आकडी पिनकोड दिसला तर कार्ड 15 ऑगस्ट 1972 नंतर लिहिलेलं. चित्रकार्डात मजकूर पर्वतीच्या आभाळात कोंबलेला असेल तर ते बहुधा विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातलं किंवा त्याआधीचं. तेव्हा पाठीवर फक्त पत्ता चालायचा. ब्रिटननं 1902 मध्ये पाठीवर मधोमध रेघ मारून अर्धी बाजू मजकुराला दिली, मग एकेक देश त्या वाटेनं गेला.

खिशात दहापट मोठं दाखवणारं भिंग ठेवा. चित्रात ठिपक्यांची जाळी दिसली तर छापखान्याचं काम. ठिपके नसून छटा सलग उतरल्या असतील, आणि कार्ड तिरपं धरल्यावर काळ्या भागात चंदेरी चकाकी येत असेल, तर ते खरं छायाचित्र, म्हणून महाग. मात्र भिंग बाहेर काढलंत की विक्रेत्याचा आवाज बदलतो. म्हणून आधी शेजारच्या गंजक्या कुलुपाचा भाव विचारावा, त्यावर पुरेसं नाक मुरडावं, मग जाता जाता पोस्टकार्डाच्या गठ्ठ्याकडे वळावं.

गठ्ठ्याला बहुतेक रबरबँड असतो. तो आधी काढा. उन्हाळ्यात तो विरघळून चिकटतो आणि वरच्या-खालच्या कार्डावर कायमचा पट्टा सोडतो. कुणी हौसेनं चिकट पानांच्या अल्बममध्ये कार्डं लावली असतील तर ती ओढू नका. मेण नसलेला दात साफ करायचा दोरा कार्डाखालून करवतीसारखा हळूहळू सरकवा. पाकिटं पॉलिप्रॉपिलिनची घ्या. पीव्हीसीचं पाकीट सुरुवातीला छान पारदर्शक दिसतं, पण त्यातला मऊपणा आणणारा पदार्थ हळूहळू बाहेर पडतो आणि कार्ड चिकचिकीत होतं. नोंद करायची ती मऊ पेन्सिलीनं, पाठीच्या कोपऱ्यात, जोर न देता.

मग येतो पुण्याचा पावसाळा. कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं तरी लांब हवं. डब्यात सिलिका जेलची पुडी टाका. निळे दाणे गुलाबी झाले की ओल पिऊन तृप्त झाले, तापवले की पुन्हा निळे होतात. या निळ्या रंगात कोबाल्ट असतं, तेव्हा पोळ्यांच्या तव्यावर हा प्रयोग करू नये. केलाच, तर तव्याचा आणि संग्रहाचा निकाल एकाच दिवशी लागतो.

कसर लागली तर कार्डं हवाबंद पिशवीत घालून दोन आठवडे डीप फ्रीझरमध्ये ठेवायची, मटारांच्या शेजारी. बाहेर काढल्यावर पिशवी चोवीस तास उघडायची नाही, नाहीतर गार कागदावर पाणी धरतं. घरच्यांना हे आधी सांगून ठेवलेलं बरं. मटार समजून पिशवी उघडणाऱ्या माणसाचा दोष काढता येत नाही.

हळदकुंकू लावलेली कार्डं वेगळ्या पाकिटात ठेवा, डाग शेजारच्या कार्डावर उतरतो. अशी लग्नामुंजीची कार्डं ढिगानं मिळतात. मरणाची वार्ता आणणारं कार्ड मात्र वाचून लगेच फाडण्याची रीत होती, त्यामुळे ते हाती लागणं दुर्मीळ. आमचे संग्रह बघून कुणाचा समज व्हावा की गेल्या शतकात महाराष्ट्रात लग्नं सतत व्हायची आणि मेलं मात्र कुणीच नाही.

सगळ्यात मौजेचं जोडकार्ड. धाडणाऱ्यानं उत्तराचेही पैसे भरलेले, पत्ता घालून दुसरं कार्ड सोबत. अर्धं फाडून उत्तर दिलं गेलं की जोडी तुटली, म्हणून संग्राहक शोधतो ती न तुटलेली, उत्तराची बाजू कोरी असलेली जोडी. 'उलटटपाली कळवावे' ही ओळ ठळक, दोनदा अधोरेखित आणि पलीकडे शब्द नाही, असं कार्ड दिसलं की कुलुपाचं नाटक न करता सरळ पैसे मोजावेत.