झेंडा उंच, काका गप्प

समोरच्या बिल्डिंगमधले काका रोज गेटपाशी गाठून ऐकवतात, "जगात आता आपला शब्द चालतो!" चालत असेल बुवा. पण काका, तुमच्याच गॅलरीत गेल्या पंधरा ऑगस्टचा तिरंगा लोंबतोय. केशरी पट्टा पिवळट, हिरव्याच्या चिंध्या, वर कबुतरांचा प्रसाद. ध्वजसंहितेत, म्हणजे झेंड्याच्या सरकारी नियमांत, २०२१ साली पॉलिस्टरचा झेंडाही चालू लागला, २०२२ मध्ये रात्रीही फडकवायची मुभा मिळाली. फाटलेला झेंडा खासगीत, मानानं नष्ट करायचा, हेही तिथंच लिहिलंय. सांगायला गेलो तर म्हणे, "आम्हाला देशभक्ती शिकवू नका!" २०२३ च्या जानेवारीत जी-२० चे पाहुणे पुण्यात आले, तेव्हा रंगवलेल्या भिंतींपुढे सेल्फी काढणारेही हेच. (त्यातल्या एका भिंतीवर आता पिचकाऱ्या.) ऑगस्टात त्याच काठीला नवा बांधतील. जुना तसाच.