काल्पनिक खेळाडू, खरी चाळणी : एका प्रतिक्रियेला उत्तर

आपण सविस्तर आणि परखड प्रतिक्रिया लिहिलीत, याबद्दल मनापासून आभार. बेसबॉलच्या सिम्युलेशन गेममध्ये संगणकाने निर्माण केलेले खेळाडू अधिक वास्तव कसे करावेत, या माझ्या लेखावर आपले तीन आक्षेप आहेत. पहिला असा, की खेळाडूच्या निरनिराळ्या गुणांची एकमेकांशी सांगड घातली की सगळे जण एकाच साच्यातून काढल्यासारखे होतात : पहिल्या बेसवरचा प्रत्येक जण धिप्पाड आणि मंद, आणि प्रत्येक शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला क्षेत्ररक्षक) चपळ पण फलंदाजीत दुबळा. दुसरा असा, की प्रत्येक रेटिंग स्वतंत्रपणे यादृच्छिक ठेवावे, लीगची एकूण सरासरी जुळवून घ्यावी, आणि तेवढ्यावर काम भागते. बाकीचा खटाटोप खेळणाऱ्याच्या नजरेसही पडत नाही. तिसरा आक्षेप आपण काहीशा विजयी स्वरात मांडला आहे : माझ्या पद्धतीतून पिचर (चेंडू टाकणारा) आणि फलंदाज अशी दोन्ही कामे करणारा शोहेई ओहतानी कधीही जन्माला येणार नाही, आणि ज्या पद्धतीत ओहतानीला जागा नाही तिला वास्तव म्हणणे हास्यास्पद आहे. तिन्ही आक्षेपांचे मूळ एकच आहे असे मला वाटते, परंतु तिथे पोहोचण्यासाठी दुसऱ्या आक्षेपापासून सुरुवात करणे सोयीचे होईल.

लीगची सरासरी जुळवणे हे या कामातले सर्वांत सोपे काम आहे, आणि ती जुळल्यानंतरही आतले खेळाडू अशक्यप्राय असू शकतात. साध्या डावखुरेपणाचेच उदाहरण घ्या. सर्वसाधारण लोकसंख्येत सुमारे दहा टक्के माणसे डावखुरी असतात. हे प्रमाण आपल्या पद्धतीने सर्व खेळाडूंना सरसकट लावले, तर दर दहा शॉर्टस्टॉपमागे एक आणि दर दहा कॅचरमागे (कॅचर म्हणजे यष्टिरक्षकासारखा फलंदाजामागे बसणारा) एक डावखुरा निघेल. प्रत्यक्ष मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक लीगमध्ये, डाव्या हाताने चेंडू फेकणारा नियमित शॉर्टस्टॉप दिसत नाही, आणि कॅचरच्या जागेवर उभा राहिलेला शेवटचा डावखुरा म्हणून पिट्सबर्गच्या बेनी डिस्टेफानोचे नाव १९८९ पासून सांगितले जाते. क्रिकेट पाहत वाढलेल्या आपल्यासारख्यांना हे चमत्कारिक वाटते, कारण क्रिकेटमध्ये क्षेत्ररक्षक कोणत्या हाताने चेंडू फेकतो यावरून त्याला एखाद्या जागेसाठी अपात्र ठरवत नाहीत. बेसबॉलमध्ये मात्र प्रत्येक धावपटू प्रथम मैदानाच्या उजव्या अंगाच्या पहिल्या बेसकडेच पळतो, त्यामुळे डाव्या अंगाला शॉर्टस्टॉपसारख्या जागी उभ्या असलेल्या डावखुऱ्याला चेंडू अडवल्यानंतर आधी सबंध शरीर वळवावे लागते, आणि तेवढ्यात धावपटू सुखरूप पोहोचतो. उलट पिचरांमध्ये डावखुऱ्यांचे प्रमाण चौथ्या हिश्श्याच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक असते. फलंदाजीचा प्रकार आणखी वेगळा आहे : उजव्या हाताने फेकणारे अनेक जण डाव्या बाजूने फलंदाजी करतात, परंतु डाव्या हाताने फेकून उजव्या बाजूने फलंदाजी करणारा रिकी हेंडरसनसारखा खेळाडू फारच विरळा.

यावर आपण म्हणाल, की ‘डावखुरा शॉर्टस्टॉप नको’ असा एक नियम घालू आणि मोकळे होऊ. घालता येईल. मग कॅचरसाठी दुसरा नियम, पिचरांसाठी तिसरा, आणि प्रत्येक नव्या विसंगतीसाठी आणखी एक. आपल्याला ज्या साच्याची भीती वाटते तो नेमका अशाच ठिगळांतून तयार होतो.

सरासरी जुळवण्याच्या मार्गात याहून मोठा दोष आहे, आणि तो खेळणाऱ्याला निश्चितपणे जाणवतो, फक्त त्याचे कारण त्याला कळत नाही. तीस संघ आणि प्रत्येकी २६ खेळाडू असे धरले तर मेजर लीगमध्ये एका वेळी ७८० जागा असतात. या ७८० जणांची गुणवत्ता सरासरीभोवती दोन्ही बाजूंना सारखी पसरलेली असेल असे गृहीत धरून जनरेटर (खेळाडू निर्माण करणारा प्रोग्राम) लिहिला, तर जितके असामान्य खेळाडू तितकेच अगदी सुमार खेळाडू निघतात आणि मोठी गर्दी मध्यभागी राहते. प्रत्यक्षात मेजर लीग हे बेसबॉल खेळणाऱ्या सर्व मुलांच्या वितरणाचे उजवीकडचे अगदी टोक आहे, आणि त्या टोकाला वक्र केवळ उतरत जातो. म्हणून लीगमध्ये टिकण्यापुरती गुणवत्ता असलेल्यांची दाटी असते, त्यांच्या वर सरासरी नियमित खेळाडू थोडे, आणि तारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. स्काउट, म्हणजे क्लबांसाठी खेळाडू हेरणारी मंडळी, २० ते ८० या मापावर खेळाडूला तोलतात. त्यात ५० म्हणजे मेजर लीगची सरासरी, आणि हा ५० फार महाग असतो. आपल्या पद्धतीत करारमुक्त खेळाडूंच्या यादीत ५० चा शॉर्टस्टॉप सहज पडून असतो. मग मी माझा होतकरू पिचर देऊन दुसऱ्या संघाकडून शॉर्टस्टॉप का घ्यावा? देवघेवीतली सगळी गंमत तिथेच संपते. ‘वास्तवापेक्षा खेळातली मजा महत्त्वाची’ असे आपण लिहिले आहे. या ठिकाणी तरी दोन्हींची मागणी एकच आहे.

आता मूळ मुद्दा. मेजर लीगचे आकडे पाहून त्यांच्यासारखे खेळाडू थेट निर्माण करावेत, हीच कल्पना मला चुकीची वाटते. मी लेखात सुचवले ते वेगळे होते : सोळा-अठरा वर्षांची हजारो मुले निर्माण करावीत, त्यांना शरीरयष्टी, वेग, हाताची ताकद, नजर, मनगटाची चपळाई असे मूळ गुण द्यावेत, आणि त्यांतून कोण कुठे टिकतो हे निवडीच्या चाळणीवर सोपवावे. आपल्याला खटकलेली ‘सांगड’ मी जवळजवळ घालतच नाही. उंची आणि वजन, वजन आणि वेग यांच्यातला शरीरशास्त्राचा संबंध सोडला, तर बहुतेक गुण एकमेकांपासून बरेच मोकळे ठेवतो. तरीही शेवटी पहिल्या बेसवर मंद आणि दणकट फलंदाज जास्त दिसतात, कारण मंद असून फलंदाजीतही कमी पडणारा मुलगा मेजर लीगखालच्या मायनर लीगमधूनच घरी परतलेला असतो.

संख्याशास्त्रात हा परिणाम परिचयाचा आहे. रुग्णालयांच्या नोंदींवरून दोन आजारांचा परस्परसंबंध काढताना जी फसगत होते तिच्याकडे जोसेफ बर्कसन यांनी १९४६ मध्ये लक्ष वेधले होते : ज्या गटात शिरण्यासाठी दोनपैकी एक कारण पुरेसे असते, त्या गटात ती दोन कारणे एकमेकांविरुद्ध जाताना दिसतात, जरी बाहेरच्या जगात त्यांचा काही संबंध नसला तरी. मेजर लीग हा असाच गट आहे. तिथे वेग आणि ताकद एकमेकांच्या विरोधात दिसतात. शाळेच्या मैदानावर मात्र जो मुलगा सर्वांत वेगवान असतो तोच पुष्कळदा सर्वांत लांबही मारतो. म्हणून मेजर लीगमध्ये मोजलेला सहसंबंध अठरा वर्षांच्या मुलांवर लादला आणि वर निवडही चालू ठेवली, तर एकच परिणाम दोनदा मोजला जातो, आणि मग खरोखर आपण म्हणता तसे एकसाची खेळाडू निघतात. आपला पहिला आक्षेप त्या पद्धतीला लागू आहे, आणि ती पद्धत मला आपल्याइतकीच नापसंत आहे.

चाळणीचा फायदा असा, की अपवादांना मुद्दाम जागा करून द्यावी लागत नाही. ओझी स्मिथने सबंध कारकिर्दीत केवळ २८ होमरन (षटकारासारखे फटके) मारले आणि तरीही २००२ मध्ये तो हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलमधल्या थोरांच्या मानाच्या यादीत, गेला, कारण शॉर्टस्टॉपच्या जागेवर त्याने वाचवलेल्या धावा त्याच्या बॅटची उणीव भरून काढत होत्या. तीच बॅट घेऊन तो पहिल्या बेसवर आला असता तर आज त्याचे नाव कोणाला ठाऊक नसते. बेसबॉलच्या आकड्यांचे अभ्यासक बिल जेम्स यांनी बचावाच्या जागांची सोप्यापासून अवघडापर्यंत जी उतरंड मांडली, तिचा अर्थ हाच आहे : जागा जितकी अवघड, तितकी फलंदाजीची अट सैल. जनरेटरमध्ये केवळ ही अट लिहावी लागते. शॉर्टस्टॉप कसा असावा हे लिहावे लागत नाही. त्यामुळे सहा फुटांहून उंच आणि होमरन मारणारा शॉर्टस्टॉपही अधूनमधून निघतो, फक्त त्याच्या पायांत आणि हातांत ती जागा सांभाळण्याइतके बळ असावे लागते. शरीरयष्टीचेही तेच. २०१७ मध्ये अमेरिकन लीगचा सर्वांत मौल्यवान खेळाडू म्हणून होसे आल्तुवेची निवड झाली, आणि दुसऱ्या क्रमांकावर होता ॲरन जज. एकाची उंची ५ फूट ६ इंच, दुसऱ्याची ६ फूट ७ इंच. उंचीवरून गुणवत्ता ठरवणाऱ्या जनरेटरला आल्तुवे सापडणार नाही, आणि उंचीचा कशाशीच संबंध न ठेवणाऱ्या जनरेटरमध्ये आल्तुवे इतके होतील की त्यांचे नवल उरणार नाही.

हीच चाळणी वयाच्या बाबतीतही काम करते. अडतीस वर्षांच्या खेळाडूंची सरासरी पाहिली तर म्हातारपण फार सौम्य असते असा ग्रह होतो, कारण ज्यांची झपाट्याने घसरण झाली ते त्या सरासरीत उरलेलेच नसतात. म्हणून प्रत्यक्ष आकड्यांवरून काढलेला उताराचा वक्र जसाच्या तसा वापरू नये. मूळ उतार त्याहून तीव्र ठेवावा, आणि प्रत्येक खेळाडूचा उतार वेगळ्या वर्षी सुरू व्हावा.

आता ओहतानी. २०२१ मध्ये त्याने ४६ होमरन मारले आणि पिचर म्हणून १५६ फलंदाज स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) केले. असा खेळाडू दर पाच हंगामांनी निघणारा गेम खोटा, आणि कधीच न निघणाराही खोटा, इथपर्यंत आपले एकमत आहे. परंतु तो दुर्मीळ का, याचे उत्तर केवळ गुणवत्तेत नाही. शाळेतला सर्वोत्तम पिचर पुष्कळदा संघाचा सर्वोत्तम फलंदाजही असतो. व्यावसायिक क्लब त्याला एक रस्ता निवडायला लावतात. ओहतानीला थेट अमेरिकेत जायचे होते. २०१२ च्या जपानी ड्राफ्टमध्ये (क्लबांनी नवे खेळाडू फेऱ्याफेऱ्यांनी निवडण्याच्या पद्धतीत) निप्पॉन-हॅम फायटर्सनी त्याला निवडले आणि दोन्ही कामे करू देण्याची योजना मांडून त्याचे मन वळवले. त्या क्लबने नेहमीचा शिरस्ता पाळला असता तर कदाचित आपल्याला एक उत्कृष्ट पिचर तेवढा दिसला असता. माझ्या पद्धतीत प्रत्येक मुलाला दोन्ही कामांचे मूळ गुण मिळतात, आणि त्याला दोन्ही रस्त्यांवर ठेवायचे की नाही हा क्लबचा निर्णय असतो. म्हणजे ओहतानी निघू शकतो. त्यासाठी गुणवत्तेबरोबर तो धोका पत्करणारा क्लबही मिळावा लागतो.

याचा दुसरा लाभ मला ओहतानीपेक्षाही मोलाचा वाटतो. जेकब डीग्रोम हा स्टेट्सन विद्यापीठात शॉर्टस्टॉप होता. २०१० च्या ड्राफ्टमध्ये नवव्या फेरीत निवडला गेला आणि पुढे पिचर म्हणून २०१८ आणि २०१९ अशी लागोपाठ दोन वर्षे सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार त्याने मिळवला. कुरासावचा केन्ली जॅन्सन मायनर लीगमध्ये कॅचर होता. बॅट चालेना, पण हात जबरदस्त, म्हणून त्याला पिचर करण्यात आले. पिचर आणि फलंदाज या दोन वेगळ्या जाती मानणाऱ्या गेममध्ये अशा कथा घडूच शकत नाहीत, मग रेटिंगे कितीही स्वैर ठेवा.

आपल्याला हवे असलेले आश्चर्य खऱ्या बेसबॉलमध्ये येते ते मुख्यतः पारख चुकल्यामुळे. माइक पियाझाला १९८८ च्या ड्राफ्टमध्ये ६२व्या फेरीत, १३९० व्या क्रमांकावर घेतले गेले, तेही वडिलांची त्या संघाचा व्यवस्थापक टॉमी लासोर्डाशी मैत्री होती म्हणून. २०१६ मध्ये तो हॉल ऑफ फेममध्ये दाखल झाला. आल्बर्ट पूहोल्सची निवड १९९९ मध्ये तेराव्या फेरीत झाली, आणि तो ७०३ होमरन मारून निवृत्त झाला. ही मुले विचित्र नव्हती, त्यांच्याविषयीची माहिती अपुरी होती, आणि वाढीच्या वयात कोण किती पुढे जाईल हे कोणालाच नीट सांगता येत नाही. यादृच्छिकतेला माझा विरोध नाही. तिची जागा खेळाडूच्या आजच्या गुणांपेक्षा त्याच्या वाढीत आणि स्काउटच्या अहवालात अधिक असावी, इतकेच माझे म्हणणे आहे.

नावांविषयीचा आपला टोमणा (‘नाव काहीही असले तरी चेंडू तितकाच लांब जातो’) मी मान्य करतो, पण नावे लावताना देशाबरोबर जन्मवर्षही पाहावे, हा आग्रह सोडत नाही. यासिएल पुइग, योएनिस सेस्पेदेस, योआन मोंकादा अशी ‘य’ने सुरू होणारी नावे क्यूबात विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत जन्मलेल्या पिढीची खूण आहेत. १९६० च्या दशकात खेळणाऱ्या क्यूबन खेळाडूला असे नाव दिले की ज्याला थोडी माहिती आहे तो लगेच दचकतो. जन्मतारखांचे मात्र उलट आहे. अमेरिकेत वयोगट ठरवण्यासाठी अनेक दशके ३१ जुलै ही तारीख वापरली जात होती, त्यामुळे ऑगस्टमध्ये जन्मलेली मुले आपल्या गटात सर्वांत मोठी ठरत, आणि तिथे जन्मलेल्या मेजर लीग खेळाडूंमध्ये ऑगस्टचा वाटा जुलैपेक्षा स्पष्टपणे जास्त भरला. हा वाटा जनरेटरमध्ये हाताने घालू नये. वयोगटाची तारीख चाळणीत ठेवली की तो आपोआप उमटतो, आणि सोळाव्या वर्षी करार करणाऱ्या डोमिनिकन मुलांना तो नाहक चिकटत नाही.

शेवटी आपण एक कसोटी सुचवली आहे : खऱ्या आणि काल्पनिक खेळाडूंची सरमिसळ यादी द्यावी आणि जाणकारांना फरक ओळखता येतो का ते पाहावे. करून पाहण्यास हरकत नाही, परंतु त्या यादीत आपली पद्धतही बऱ्यापैकी उत्तीर्ण होईल, कारण एकेका खेळाडूच्या आकड्यांवरून फारसे काही कळत नाही. त्याऐवजी गेम वीस हंगाम आपोआप चालवून, जुळवण्याचा कोणताही प्रयत्न न केलेल्या गोष्टी तपासाव्यात : करारमुक्त यादीतला सर्वोत्तम शॉर्टस्टॉप किती चांगला आहे, नियमित खेळाडूंपैकी किती जण दहाव्या फेरीनंतर निवडले गेले होते, किती पिचर आधी दुसऱ्या जागेवर खेळत होते, आणि पस्तिशीनंतर कोण उरले. आपल्याला आणखी अनपेक्षित खेळाडू हवे असतील, तर त्याच चाचणीत मूळ गुणांना हात न लावता स्काउटच्या अंदाजातली चूक आणि वाढीतली तफावत थोडी वाढवून पाहावी, आणि फेऱ्यांचे आकडे कसे बदलतात ते इथेच कळवावे.