'जुना रंगकर्मी' यांना उत्तर

साहेब, तुमची प्रतिक्रिया तीनदा वाचली. वेंगुर्ल्याकडच्या आमच्या दिवंगत दिग्दर्शकांनी, म्हणजे सरांनी, गिरणी संपात आपण संपफोड्या होतो हे बायकोपासून, म्हणजे आमच्या वहिनींपासून, एकवीस वर्षं लपवलं, आणि कळल्यावर त्यांच्या संसाराचं काय झालं, यावर माझा लेख होता. तुमचं म्हणणं असं: संपाची तारीख चुकली, गेलेल्या माणसाची उणीदुणी काढू नयेत, घरच्यांना विचारलं होतं का, आणि "कळल्यावरही बाई त्याच घरात राहिली, म्हणजे तिला ते मान्यच होतं. ताई, नाटकवाल्यांचे संसार तुम्हाला कळायचे नाहीत, तुम्ही आपल्या पाककृती लिहा."

तारखेचं मान्य. मी १९८१ लिहिलं होतं. काही गिरण्यांत त्या दिवाळीला बोनसवरून काम बंद पडलं होतं, त्यामुळे डोक्यात ते साल बसलं. सार्वत्रिक संप १८ जानेवारी १९८२ चा. लेखात दुरुस्ती केली आहे, आभार.

पण "मान्यच होतं" हे तुम्ही कुठल्या अधिकाराने लिहिलंत? आणि त्याला पाककृतीची शेपूट जोडायची काय गरज होती? मतभेद मला चालतात. बाईमाणसाला चुलीकडे पिटाळून वाद जिंकायची ही रीत मी लहानपणापासून बघत आले आहे.

माझे वडील साचेखात्यात होते. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्या संपात उतरले, त्यातले ते एक. आठव्या महिन्यात आईच्या पाटल्या विकून आम्ही गावी आलो. संप अधिकृतपणे मागे घेतला गेलाच नाही, आणि बाबांनी भोंग्याची वाट बघणंही सोडलं नाही. वहिनींचे वडील असेच परतलेले. जावई आपल्यासारखाच उपाशी राहिला, झुकला नाही, हे ते पारावर अभिमानाने सांगत. आणि हे त्यांना सांगितलं होतं वहिनींनी, कारण सरांनी त्यांना तसं सांगितलं होतं.

सरांनी पुढे संपावरचं नाटक राज्य नाट्य स्पर्धेसाठी बसवलं. कामगाराच्या बायकोचं काम वहिनींनी केलं. प्रॉम्प्टर मी होते. गेटवर संपफोड्याच्या तोंडाला काळं फासतात तो प्रवेश रंगीत तालमीच्या आदल्या दिवशी सरांनी कापला. लांबी वाढते म्हणाले. ती पेन्सिलची रेघ माझ्या संहितेत अजून आहे. नाटकवाल्यांचे संसार मला कळायचे नाहीत म्हणता, मग विंगेत बसून मी काय माश्या मारत होते?

सर कामावर गेले याचा राग मलाही नाही. धाकट्या भावंडांची तोंडं दिसत असताना गेटबाहेर उभं राहणं सगळ्यांना जमत नाही, हे माझे बाबाही म्हणायचे. वहिनी मला म्हणाल्या त्या शब्दांत सांगते: "ह्येंनी गिरणीत जावन काम केल्यानी, ह्याचो माका राग नाय. माझ्याच तोंडान माझ्या बापाशीक फसवल्यानी, ता मी विसराक शकत नाय." वडील तोवर गेले होते. त्यांच्याजवळ खरं बोलायची सोयच उरली नाही. त्यानंतर सरांना दोन्ही वेळचं ताट मिळालं, औषधं वेळेवर मिळाली, पण वहिनी पुन्हा त्यांच्या तालमीला आल्या नाहीत. याला तुम्ही मान्यता म्हणता?

कायद्याचा दाखलाही तुम्ही दिलात. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १२ प्रमाणे फसवणूक कळल्यापासून वर्षभरात अर्ज करावा लागतो, आणि कळूनही राजीखुशीने एकत्र राहिलं तर तो टिकत नाही, हे मला ठाऊक आहे. तो लग्न रद्द करून घेण्याचा नियम आहे. वहिनींना लग्न रद्द करायचंच नव्हतं. त्यांना एकदा खरं ऐकायचं होतं, वेळेत.

गेलेल्या माणसाबद्दल लिहू नये, या मुद्द्यात मी शिरत नाही. घरच्यांच्या परवानगीचं म्हणाल, तर लेख वहिनींनी आधी वाचला होता. एक ओळ त्यांनी काढायला लावली, ती मी काढली.

तुमची प्रतिक्रिया तशीच ठेवली आहे. ते पाककृतीचं वाक्य पुन्हा लिहिलंत, तर मात्र ठेवणार नाही.